छात्राध्यापकांनी घरी ग्रहण पाळलं तर बिघडलं कुठे?

नौपाडेकर: काल इथे एकाने लिहिलं, 'डीएलएडची (प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेची) मुलं ग्रहण पाळोत, भुतं मानोत, पेपरात सावलीची आकृती बरोबर आली की झालं.' झालं कसं? वर्गात पोर विचारणार, ग्रहणात आईने भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो ना? ओठ जुळतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो कसा फाटेल? हे सांगायला आकृती पुरत नाही, शिक्षकाला स्वतःला पटलेलं असावं लागतं.

ऐरोली_खाडी: श्रद्धा खासगी आहे, घटनेचं 25 वं कलम वाचा. कुणाच्या देवघरात डोकावू नका.

नौपाडेकर: 51 क पण वाचा, विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन तिथे कर्तव्य म्हणून आहे. देवघराला कोण हात लावतंय? मी वर्गाबद्दल बोलतोय.

कळवा_प्रयोगशाळा: कलमं राहू द्या. पाठ टाचणात 'चमत्कारामागील विज्ञान' लिहितात आणि लिंबातून रक्त काढून दाखवतात, तेही अर्धवट. सुरीवर जास्वंद घासून वाळवतात, लिंबाच्या आम्लाने रंग लाल होतो. टाळ्या पडतात, तास संपतो. कोऱ्या सुरीने दुसरं लिंबू कापलंच नाही, तर पोरं शिकली काय? बाबाच्या जागी सर आले, एवढंच.

वाशी_सेक्टर१७: त्यापेक्षा नारळ पेटवा. शेंडीत लपवलेल्या पोटॅशियम परमँगनेटच्या खड्यांवर ग्लिसरीन ओतलं की आपोआप पेट घेतो, पोरं विसरत नाहीत.

कळवा_प्रयोगशाळा: साठ पोरांच्या वर्गात? अजिबात नको! खडे जाडे असले की आग उशिरा लागते, शिक्षक वाकून बघतो आणि तेवढ्यात भडका. पावसाळ्यात उघड्या बाटलीतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, मग पेटतच नाही. मग वरून आणखी ओततात, तिथेच हात भाजतो.

वाशी_सेक्टर१७: बरं, नारळ मागे घेतो. मग करायचं काय?

कळवा_प्रयोगशाळा: जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरगाळा, तीन वाट्यांत ओता. एकीत लिंबू, एकीत चिमूटभर खायचा सोडा, तिसरी तशीच. कुठे कोणता रंग येईल, आधी पोरांकडून अंदाज लिहून घ्या, मगच घाला.

ऐरोली_खाडी: लिंबाचं मान्य, वाद नाही. पण म्हणून पत्रिकाही खोटी ठरवाल, ते चालणार नाही. ते शास्त्र आहे!

नौपाडेकर: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तपासलंय ते. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 पत्रिका, 27 ज्योतिषी, पत्रिका हुशाराची की मतिमंदाची ही ओळख बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं तर 50 येतात.

ऐरोली_खाडी: 27 जणांवरून सगळे ज्योतिषी मोजता?

नौपाडेकर: मग तुम्ही सुचवा, किती जण हवेत आणि किती टक्के आले तर मानाल. आकडा आधी लिहा.