दशावताराच्या छायाचित्रणासाठी जुना मिररलेस कॅमेरा आज घेण्याजोगा आहे का?

कुळागर, फोंडा

नमस्कार. कार्तिक महिना लागला की आमच्याकडे जत्रांचे वेध लागतात. फोंड्यातील देवळांत होणारी नाटके आणि पेडण्याकडचे दशावताराचे प्रयोग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रंगपटात स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवणारे कलाकार, आडदशावतारातील (मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगातील) गणपती आणि संकासुर, राजपार्ट करणाऱ्यांचा मंचावरील प्रवेश, या सगळ्यांची चांगल्या प्रतीची छायाचित्रे जमवावीत आणि ती त्या मंडळींनाही द्यावीत, अशी मनापासून इच्छा आहे. मोबाइलवर हे साधत नाही. संकासुराचा काळा वेष मागच्या काळोखात मिसळून जातो आणि युद्धाच्या प्रवेशात हातपाय पुसट येतात.

माझ्यापाशी लेन्ससह चाळीस ते पंचेचाळीस हजार रुपये आहेत. एवढ्या रकमेत नव्या कॅमेऱ्यापेक्षा वापरलेला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यावा, असे वाटते. सोनी ए६०००, सोनी ए७ मार्क २, फुजीफिल्म एक्स-टी२० आणि ऑलिंपस ई-एम१० मार्क २ ही नावे समोर आहेत. हे सगळे २०१४ ते २०१७ या काळातील कॅमेरे आहेत. इतक्या वर्षांनंतर त्यांच्यावर पैसे घालणे शहाणपणाचे ठरेल का? कधीमधी चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातही जाण्याचा विचार असतो. तेही याच कॅमेऱ्यावर व्हावे, अशी अपेक्षा ठेवावी का? शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत जुने उपकरण किती टिकेल, याचीही धास्ती आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

तीनदीप, पणजी

आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण संवेदकात, म्हणजे सेन्सरमध्ये आहे. २०१४ च्या सुमारास चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरने जी पातळी गाठली होती, तिच्यापुढे स्थिर छायाचित्रांच्या दर्जात त्यानंतर झालेली प्रगती साध्या डोळ्यांना चटकन जाणवेल इतकी मोठी नाही. नवे कॅमेरे पुढे गेले ते प्रामुख्याने फोकसचा वेग, चेहरा व डोळे ओळखण्याची क्षमता, व्हिडिओ आणि बॅटरी या बाबतींत. म्हणून जुना कॅमेरा घेताना ‘चित्र चांगले येईल का’ हा प्रश्न फारसा उरत नाही. आपल्याला हव्या त्या क्षणी तो फोकस धरील का आणि रात्रभर पुरेल का, हे मात्र विचारावे लागते.

यात आणखी एक गोष्ट जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजूने घडली आहे. रॉ फाइलमधील (सेन्सरकडून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतील) कणीदारपणा यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने काढून टाकणारी सॉफ्टवेअर आता सर्रास मिळतात. ॲडोबी लाइटरूममध्ये ही सोय २०२३ साली आली आणि ती जुन्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलींवरही चालते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर काढलेले जे चित्र दहा वर्षांपूर्वी छापण्याजोगे वाटले नसते, ते आज स्वच्छ करता येते. त्यामुळे रॉमध्येच छायाचित्रे काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता पैसे कुठे घालायचे ते पाहू. माझे ठाम मत आहे की कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षा लेन्सवर अधिक खर्च करावा. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सचे तोंड झूम पूर्ण लांबवल्यावर एफ/५.६ इतकेच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे). एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ई-एम१० मार्क २ आणि ए७ मार्क २ यांच्या बॉडीत पाच अक्षांचे स्थिरीकरण आहे. ते आपल्या हाताचा कंप सावरते, पण मंचावर गिरकी घेणाऱ्या नटाला थांबवू शकत नाही. त्याला थांबवायला शटरच वेगवान हवे, आणि वेगवान शटरला प्रकाश हवा. युद्धनृत्यासाठी १/२५० सेकंद, संवादांसाठी १/१२५, तोंड एफ/२ आणि आयएसओ ३२०० च्या आसपास, अशी सुरुवात करून मंचावरील दिव्यांप्रमाणे बदल करत जावे.

शटरच्या आवाजाविषयी अनेकजण विचारतात. ए६००० मध्ये आणि ए७ मार्क २ मध्ये पूर्ण निःशब्द शटर नाही, ते एक्स-टी२० मध्ये आहे. मात्र पखवाज, झांज आणि पायपेटी सुरू असताना शटरचा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही, तेव्हा या एका गुणासाठी निवड बदलू नये. उलट मंचावर एलईडी दिवे असतील तर निःशब्द शटर टाळलेलेच बरे. आपल्याकडील वीज पन्नास हर्ट्झची असल्याने अनेक स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि जुन्या सेन्सरवरून चित्र ओळीओळीने सावकाश वाचले जात असल्यामुळे चित्रावर आडवे काळसर पट्टे उमटतात. अशा वेळी यांत्रिक शटर वापरावे आणि संवादांच्या प्रवेशांत १/१०० सेकंदावर यावे, म्हणजे हा त्रास बहुधा जातो.

बॅटरी ही जुन्या मिररलेसची खरी उणीव आहे. ए६००० ची बॅटरी प्रमाणित चाचणीनुसार सुमारे ३६० छायाचित्रांना पुरते, तर २०१८ मध्ये आलेल्या ए७ मार्क ३ ची सातशेच्या वर जाते. रात्रभराच्या प्रयोगाला निदान तीन बॅटऱ्या बरोबर ठेवाव्या लागतील आणि त्यांचा खर्च आपल्या हिशेबात आधीच धरावा.

रानवाट, धारबांदोडा

तीनदीप यांनी नाटकाविषयी जे लिहिले आहे ते पटते. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र मला वेगळे सांगावेसे वाटते आणि ते स्पष्टच सांगतो. उडणारा पक्षी हे जुन्या मिररलेसचे काम नव्हे.

ए६००० बाजारात आला तेव्हा १७९ फेज-डिटेक्शन (वेगाने फोकस धरणारे) बिंदू आणि सेकंदाला अकरा छायाचित्रे ही त्याची मोठी ख्याती होती आणि भर उन्हात, मोकळ्या आकाशात तो आजही बरे काम करतो. पण चोडणला आपण होडीतून खारफुटीच्या फांद्यांमधून पाहत असतो. तिथे कॅमेऱ्याला पक्षी कोणता आणि फांदी कोणती हे कळावे लागते. पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची क्षमता कॅनन आर५ आणि आर६ यांच्याबरोबर २०२० मध्ये आली आणि सोनी ए१ मध्ये २०२१ साली. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत फोकसचा एकच छोटा बिंदू निवडून तो पक्ष्यावर आपणच ठेवत राहावे लागते. ओहोटीच्या वेळी चिखलात सावकाश चालणारे बगळे किंवा खुंटावर निश्चल बसलेला खंड्या यांच्यासाठी ते पुरेसे आहे. त्याहून अधिक अपेक्षा ठेवल्यास पदरी निराशा येईल.

पक्षी हेच प्रमुख उद्दिष्ट असते तर मी ऑलिंपस ई-एम१ मार्क २ सुचवला असता. त्याच्या लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत ३०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ६०० मिमी इतका आवाका देते आणि तरीही ती गळ्यात अडकवून मोलेच्या रानात दिवसभर हिंडता येते. पण तोच लहान सेन्सर रात्रीच्या मंचावर कमी पडतो. आपला ओढा नाटकाकडे आहे, तेव्हा पक्ष्यांसाठी तडजोड करू नये.

आणखी एक बाब वर आली नाही, ती माझ्या मते वयापेक्षाही महत्त्वाची आहे. ज्या लेन्स-माउंटचे (लेन्स बसवण्याच्या खोबणीचे) उत्पादन बंद झाले आहे, तो कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. निकॉन १ मालिका २०१८ मध्ये थांबली. कॅननच्या ईओएस एम मालिकेचाही शेवट झाला. सॅमसंगने तर २०१४ मध्ये एनएक्स१ सारखा काळाच्या पुढचा कॅमेरा काढून नंतर हा व्यवसायच सोडला. हे कॅमेरे चित्रे उत्तम देतात, पण लेन्स बिघडली की दुसरी शोधण्यात जन्म जातो. सोनी ई, फुजी एक्स आणि मायक्रो फोर थर्ड्स हे माउंट आजही जिवंत आहेत. उद्या बॉडी बदलली तरी आज घेतलेली लेन्स आपल्यापाशी राहते. ऑलिंपसविषयी लोक साशंक असतात, परंतु कॅमेऱ्यांचा तो व्यवसाय २०२१ च्या आरंभी ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला आणि त्या माउंटच्या लेन्स पुढेही निघत राहिल्या.

खारेवारे, वास्को

माझा अनुभव वापरलेल्या उपकरणांच्या देखभालीचा आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहितो. गोव्यात जुना कॅमेरा वयाने क्वचितच मरतो, त्याला मारते ती बुरशी आणि खारी हवा.

लेन्स हातात आली की दोन्ही झाकणे काढावीत, तोंड पूर्ण उघडावे आणि एका बाजूने विजेरीचा प्रकाश तिरपा सोडून दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर काळजी करण्याचे कारण नाही, कारण ते चित्रात उमटत नाहीत. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते. ती वेळीच काढली तर लेन्स वाचते. फार दिवस राहिली तर तिच्या आम्लाने काचेवरील लेप कायमचा खरवडला जातो आणि मग मंचावरचा दिवा थेट लेन्सकडे असला की सगळे चित्र धुरकट होते. आपल्या कामात दिवे समोरच असणार, तेव्हा इथे सवलतीच्या मोहात पडू नये.

बॉडीवर फ्लॅश बसवण्याची पट्टी, स्क्रू आणि बॅटरीच्या कप्प्यातील पत्रे पाहावेत. हिरवट किंवा तांबूस डाग म्हणजे कॅमेरा समुद्राकाठी वापरून न पुसता ठेवलेला आहे. पकडीचे रबर फुगलेले किंवा सुटलेले असेल तर तेही दमटपणाचेच लक्षण. तोंड एफ/१६ वर आणून मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र काढावे, म्हणजे सेन्सरवरील डाग दिसतील. शटर किती वेळा उडाले आहे हा आकडा काही कॅमेऱ्यांत छायाचित्राच्या फाइलीत, तर काहींत आतल्या मेन्यूत सापडतो. तो विचारावा, पण त्यावरच निर्णय घेऊ नये. कमी वापरलेला आणि कपाटात पाच पावसाळे काढलेला कॅमेरा रोज वापरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळदा वाईट अवस्थेत असतो.

घेतल्यानंतर जून ते सप्टेंबर हे महिने जपावेत. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्यावर भागते. मापक चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. पैसे जमले की विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्यावी. लेन्स चामडी पिशवीत किंवा लाकडी कपाटात मुळीच ठेवू नयेत. वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर दव साचते, म्हणून पिशवीची चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा.

कुळागर, फोंडा

तिघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. पक्ष्यांचा विचार सध्या बाजूला ठेवतो. आता प्रत्यक्षात दोन पर्याय जवळपास सारख्या किमतीत समोर आहेत. एक, सोनी ए७ मार्क २ आणि त्याबरोबर २८-७० मिमीची किट लेन्स. दुसरा, फुजी एक्स-टी२० आणि ३५ मिमी एफ/२. फुल-फ्रेम हातचा सोडू नये, असे एका स्नेह्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

तीनदीप, पणजी

या जोड्यांमध्ये मी एक्स-टी२० घेईन. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक असते, म्हणजे सगळे सारखे असेल तर तो तितका जास्त प्रकाश गोळा करील. पण इथे सगळे सारखे नाही. ७० मिमीवर ती किट लेन्स एफ/५.६ वर असते आणि एफ/२ ची लेन्स तिच्या जवळजवळ आठ पट तेजस्वी प्रतिमा देते. सेन्सरचा फायदा वजा केला तरी फुजीची जोडी तिपटीने पुढे राहते. आपल्या स्नेह्यांचा सल्ला चुकीचा नाही, मात्र ए७ मार्क २ बरोबर ५० मिमी एफ/१.८ घेण्याइतके पैसे उरत असतील तरच तो खरा ठरतो. तसे झाले तर ती जोडी एक्स-टी२० लाही मागे टाकील, हेही मान्य करायला हवे.

एक्स-टी२० च्या बॉडीत स्थिरीकरण नाही आणि ती पावसापासून सुरक्षित केलेली नाही, हे लक्षात असू द्यावे. ३५ मिमीच्या लेन्सने पहिल्या-दुसऱ्या रांगेतून दोन पात्रे पूर्ण आकारात येतात आणि रंगपटातील अरुंद जागेतही ती चालते. एकट्या चेहऱ्यासाठी पुढे ५० मिमी एफ/२ जोडता येईल.

सौदा ठरवण्यापूर्वी विक्रेत्याला सांजवेळी भेटावे आणि घरातील एकाच दिव्याखाली, चालत्या माणसावर, आयएसओ ३२०० ठेवून वीस-पंचवीस छायाचित्रे काढावीत. ती घरी संगणकावर पूर्ण आकारात पाहून मगच पैसे द्यावेत, आणि विक्रेता याला तयार नसेल तर तो कॅमेरा सोडून द्यावा.