रेटिंगवरून बुद्धिबळ इंजिनाचा खेळ कळतो का?

तिरपा_उंट
बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामच्या, म्हणजे इंजिनांच्या, रेटिंग यादीत स्टॉकफिश हे इंजिन साडेतीन हजारांच्या वर दिसलं की लोक लगेच त्यातून ग्रँडमास्टर मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२ वजा करतात. या वजाबाकीला अर्थ नाही. एलो, म्हणजे हे रेटिंग, एकाच गटातल्या खेळाडूंमधला फरक सांगतं: रेटिंगमध्ये १०० ने पुढे असलेल्याला सामन्यात साधारण ६४ टक्के गुण मिळावेत, एवढंच. इंजिनं इंजिनांशी खेळतात, माणसं माणसांशी.

म्हणून माझं ठाम मत आहे की इंजिन जोखायचं तर डाव बघावेत. २०१७ साली अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीविरुद्ध (स्टॉकफिश ८) १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. पण खरी मजा डावांत आहे. प्यादी सोडून देऊन समोरच्या मोहऱ्यांना हलायलाच जागा ठेवायची नाही, कडेचं प्यादं थेट राजाच्या अंगावर रेटत न्यायचं! हे कुठल्या आकड्यात दिसतं?

हिशेबी_हत्ती
साफ असहमत. त्या सामन्यात चालीला सरसकट एक मिनिट होतं, त्यामुळे कुठे जास्त वेळ घ्यायचा हे स्टॉकफिशला ठरवताच आलं नाही. हॅशही (आधी तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी) फक्त १ जीबी.

आणि शैली बऱ्याचदा बघणाऱ्याच्या डोक्यात असते. १९९७, न्यूयॉर्क, जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध डीप ब्लू या संगणकाचा दुसरा डाव आठवा. ३७व्या चालीला वजीर आत घुसवून प्यादी मारता येत होती, ते सोडून यंत्राने उंट शांतपणे ई४ या घरावर आणला. कास्पारोव्हला त्यात माणसाचा हात दिसला. पण त्याने डाव सोडला त्या स्थितीत सततचे शह देऊन बरोबरी साधता आली असती, असं नंतरच्या विश्लेषणात निघालं. म्हणजे एवढी खोल समज असलेलं यंत्र जिंकत असलेल्या डावात बरोबरीची वाट उघडी ठेवून बसलं होतं. एका सुंदर चालीवरून काय ठरवणार? हजारो डाव खेळवा आणि गुण मोजा.

तिरपा_उंट
मोजलेत की. २०१८ च्या शोधनिबंधात डावाला ३ तास आणि दर चालीला १५ सेकंद जादा होते. १००० डावांत अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव. वेळेची तक्रार तिथे लागू होत नाही, आणि खेळाचा बाज तोच आहे.

प्यादं_पुढे
ओपनिंगबद्दल, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींबद्दल, दोघंही गप्प कसे? सुरुवातीच्या स्थितीतून आजची वरची इंजिनं खेळवली तर जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. म्हणून टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत ओपनिंग आधीच ठरवून देतात आणि तीच दोघांना दोन्ही रंगांनी खेळायला लावतात. दोघांनीही पांढऱ्याने जिंकलं तर १-१, म्हणजे फरक शून्य. तोल सांभाळलेल्या ओपनिंग घेतल्या की रेटिंगमधलं अंतर आकसतं, एका बाजूला झुकलेल्या घेतल्या की ताणलं जातं. तेव्हा हत्तीसाहेब, तुमचा आकडासुद्धा निवडीवरच उभा आहे.

शैलीचंही तसंच. २०२० पासून स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली) आहे, पुढे ते लीला या दुसऱ्या इंजिनाच्या डेटावरही शिकवलं गेलं. आता दोघांचे डाव वेगळे ओळखता येतात?

हिशेबी_हत्ती
ओपनिंगचा मुद्दा मान्य, पण तो सगळ्या इंजिनांना सारखाच लागू आहे. एकाच संचावर खेळलेल्यांची तुलना टिकतेच. शैलीवाल्यांनी मात्र नावं झाकून डाव ओळखून दाखवावेत.

तिरपा_उंट
स्टॉकफिश ८ असेल तर आत्ता ओळखतो. प्यादं आयतं मिळतंय म्हटल्यावर ते घेणार आणि मग दहा चाली मोहरी मागेपुढे करत बसणार. आजच्या जोडीसाठी मात्र बंदिस्त स्थितीतले डाव द्या, प्यादी एकमेकांत अडकलेले. मोकळ्या पटावर मलाही फरक दिसत नाही.