चुकलं की लगेच वही बंद! होमस्कूलिंगमध्ये चिकाटी कशी आणायची?

लेक ९ वर्षांची, घरीच शिकते. भागाकार चुकला की खोडून खोडून कागद फाटतो आणि मग "मला येतच नाही" म्हणून रडारड. मी लगेच मदतीला धावते, तेच चुकतंय का?

उत्तर १: हो ताई, माझंही तेच व्हायचं. आता मी पाच मिनिटं गप्प बसते मग फक्त विचारते कुठपर्यंत जमलं, आणि खोडरबर काढूनच टाकलाय, चुकीवर एक रेघ मारायची नि खाली परत करायचं, म्हणजे कुठे घसरलो ते पोराला स्वतःलाच दिसतं.

उत्तर २: "हुशार आहेस" म्हणणं थांबवा प्लीज. मुलर आणि ड्वेक या मानसशास्त्र संशोधकांच्या १९९८च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर हात टेकायची, मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकायची.

उत्तर ३: खोडरबर आजच उचलते, थँक्यू दोघींना!