मदत हवी आहे: पावसाळ्यात पेट्रोलवरचा पंप कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी. आमचं गोव्यात सत्तरी तालुक्यात लहानसं कुळागर आहे. डिसेंबर ते मे व्हाळाच्या पाण्यावर पोफळी आणि केळी जगवतो, त्यासाठी दोन इंची, फोर-स्ट्रोक पेट्रोल पंप आहे. पाऊस सुरू झाला की सहा महिने त्याला हात लागत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये होता तसाच उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि वर प्लास्टिक गुंडाळलं. डिसेंबरात दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण पंप ढिम्म. मेस्त्रीने कार्बोरेटर उघडला तर वाटीत मधासारखा चिकट थर आणि जेट (पेट्रोल यायचं बारीक भोक) बंद. पंपात राहिलेल्या पाण्याने इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) गंजून धरला होता. सायलेन्सरमधून तर कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं, आत वाळलेल्या अळ्यांसकट. आठवडाभर बागेला पाणी नाही. तोवर केळीची पानं माना टाकून बसली.

आता मे संपतोय. विचारायचं ते असं:
टाकी रिकामी करू की गच्च भरून ठेवू? वडील म्हणतात भरून ठेव, गंजत नाही. आणि दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं चालू केला तर चालेल का? गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतींना जुलैत अक्षरशः घाम येतो, पण दुसरी जागा नाही.

---

प्रतिसाद १
वडिलांचं जुन्या पेट्रोलला धरून बरोबर होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोलचा कॉक असतो नेमका तळाशी! तेव्हा टाकी रिकामी करा, काढलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये घालून संपवा. मग पंप पाण्यावर लावून कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. तेवढ्याने भागत नाही, वाटीत थोडं उरतंच. खालचा स्क्रू सैल करून तेही काढा. रिकाम्या टाकीत चमचाभर इंजिन ऑईल घालून सगळीकडे फिरवा, पत्र्याला गंज धरणार नाही.

प्रतिसाद २
पंधरा दिवसांनी चालू करायचं मुळीच नको. पाण्याशिवाय चालवलात तर सील जळतं. शिवाय दोन मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, उलट आत पाणी धरतं.

ऑईल आत्ताच बदला, डिसेंबरात नको. वापरलेल्या काळ्या ऑईलमधलं आम्ल सहा महिने आतल्या भागांना खातं. प्लग काढून भोकात चमचाभर नवं ऑईल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. शेवटी दोरी जड लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओल सिलिंडरमध्ये शिरत नाही.

पंपाचा खालचा बूच काढून पाणी सोडा आणि बूच हरवू नका (माझा हरवला होता, हार्डवेअरवाल्याकडे त्याच आट्यांचा मिळेना). मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. प्लास्टिक काढा, आत पाणी साचतं. गोणपाट टाका.

---

धागाकर्ता
देव बरें करूं दोघांनाही! काल रविवारी सगळं केलं. वाटीच्या स्क्रूखाली काचेची बरणी धरली होती. पेट्रोल निघालं आणि तळाला पाण्याचा थेंब वेगळा, लोळत राहिलेला. वडिलांना दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी टाकीचा विषय सोडला.

कुंभारणीसाठी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबलीय. डिसेंबरात ती काढायला विसरीन म्हणून दोरीच्या मुठीला लाल फीत बांधून ठेवलीय. व्हाळात बुडणाऱ्या पाइपच्या टोकाला असतो त्या फूट व्हॉल्व्हची जाळी मात्र शेवाळाने भरलीय, ती घासून निघेल की नवीच घ्यावी?