रुग्णालयात विधी विद्यार्थ्यांचे मोफत मदत केंद्र सुरू करण्याविषयी

मृण्मयी (विधी, तृतीय वर्ष, नाशिक):
नमस्कार. सुरगाणा, पेठ, इगतपुरी या तालुक्यांतून उपचारांसाठी नाशिकला येणाऱ्या अनेक कुटुंबांना आजारपणाइतकेच कागदपत्रांचेही ओझे वाहावे लागते. अमेरिकेत बॉस्टनमधील एका रुग्णालयात १९९३ पासून डॉक्टरांच्या जोडीला वकील काम करू लागले, कारण दमट घरात राहणाऱ्या मुलाचा दमा केवळ औषधाने आटोक्यात येत नाही; घरमालकाला घर दुरुस्त करावयास लावण्यासाठी कायद्याचीही मदत लागते. आम्हा काही विद्यार्थ्यांना येथे तसे काम करावयाचे आहे. कायद्याने आम्हाला काय करता येईल आणि सुरुवात कोठून करावी?

ॲड. देशपांडे:
अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलांनाच असल्यामुळे आपणांस न्यायालयात बाजू मांडता येणार नाही. मात्र रुग्णाची हकीकत टिपून घेणे, अर्जाचा मसुदा करणे आणि त्याचा पाठपुरावा करणे ही कामे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अवश्य करता येतील. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षणविषयक नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे आवश्यकच आहे. वाद न्यायालयापर्यंत जाणार असेल, तर प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांच्या बाबतीतही कलम १३ नुसार उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विनाकारण तहसील कचेरीत खेटे घालतात.

शिंदे (निवृत्त समाजसेवा अधीक्षक):
मृण्मयीताई, माझ्या मते सुरुवात धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या, रुग्णालयांपासून करावी, कारण तेथे हक्क स्पष्ट आहे आणि तो मागणारे फार थोडे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता त्याला दाखल करून घेणे बंधनकारक आहे. तरीही नातेवाईक आधी दागिने गहाण टाकून पैसे भरतात आणि चौकशी मागाहून करतात. तोवर देयक वाढलेले असते, कागद गावी राहिलेले असतात आणि मागे जाऊन सवलत मिळवणे अतिशय अवघड होऊन बसते. म्हणून रुग्ण दाखल होत असतानाच विद्यार्थ्याने शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पाहावा, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी नकारावर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार टिकवणे कठीण जाते. पोच हाती असली की तक्रारीला बळ येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील उपचारांसाठी आरोग्यमित्राशीही, म्हणजे रुग्णालयातील त्या योजनेच्या मदतनिसाशीही, त्याच वेळी बोलावे.

मृण्मयी:
मनापासून आभार. रुग्णाच्या आजाराची माहिती आम्ही कितपत विचारावी?

ॲड. देशपांडे:
अर्जाला लागेल तेवढीच, तीही लेखी संमतीने आणि वॉर्डातील इतरांच्या कानांवर जाणार नाही अशा जागी. एचआयव्हीसंबंधी २०१७ चा कायदा संमतीशिवाय ती माहिती उघड करण्यास मनाई करतो; माझ्या मते क्षयरोगी आणि मनोरुग्ण यांच्याबाबतही आपण तोच दंडक पाळावा. परीक्षेच्या काळात पाठपुरावा कोणी करावयाचा, हे मात्र पहिला अर्ज लिहिण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.