मदत हवी आहे: दूध तोडतानाच्या वजनात आईचा वाटा कुरणागणिक बदलतो का?

मंडळी, मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या नोंदींवर काम करतोय आणि अडलोय. दोन कळप, जात एकच, वळूही बरेचसे तेच. एक कळप भरपूर हिरव्या कुरणावर, दुसरा कोरड्या, विरळ गवताच्या रानात. दूध तोडतानाची वजनं २०५ दिवसांवर आणून घेतली आहेत (म्हणजे प्रत्येक वासरू २०५ दिवसांचं असताना किती भरलं असतं, ते). वासरू नर की मादी आणि गायीचं वय, याही दुरुस्त्या झाल्या आहेत (पहिलारूंची वासरं हलकी भरतात, ते धरावंच लागतं).

आई वासराला निम्मी जनुकं देते आणि वर दूध व सांभाळ, हे माहीत आहे. हिरव्या कुरणावर दुधाळ वळूंच्या (ज्यांच्या मुली जास्त दूध देतात अशा वळूंच्या) मुलींची वासरं चांगलीच जड निघतात. कोरड्या रानात हा फरक जवळपास पुसला जातो. तिथे याच गायी व्यायल्यावर पार खंगतात. बरगड्या दिसायला लागतात, वासरू कासेला ढुशा देत राहतं, गाय वेळेवर माजावर येत नाही आणि पुढच्या वर्षी भाकड राहते. दूध जास्त म्हणजे गाय चांगली, हे तिथे मला पटत नाही.

म्हणून विचारतो: दोन्हीकडचं वजन एकच गुण धरावं, की दोन वेगळे गुण धरून त्यांच्यातला जनुकीय सहसंबंध (दोन्ही गुणांमागची जनुकं कितपत एकच आहेत ते) काढावा? सामाईक वळू आहेत म्हणून दुसरी वाट शक्य वाटते.

खरा घोळ पुढे आहे. वासराची स्वतःची वाढ आणि आईपण (आईच्या दूध-सांभाळाचा वाटा) यांच्यातला जनुकीय सहसंबंध बराच ऋण येतोय, म्हणजे एकाची जनुकं चांगली तिथे दुसऱ्याची कमी. लहानपणी अति खाऊन माजलेल्या कालवडीच्या कासेत चरबी साठते आणि पुढे तिचं दूध घटतं, त्यामुळे असं दिसू शकतं. पण मग कोरड्या कळपात तो सौम्य यायला हवा होता, आणि तिथेही तो तेवढाच आहे. मला संशय वळू आणि वर्ष यांच्या आंतरक्रियेचा (एकाच वळूची वासरं वेगवेगळ्या वर्षी वेगळी भरण्याचा) आहे. ती मॉडेलमध्ये घेतली नाही तर ऋण सहसंबंध फुगतो. कुणी ती घालून पाहिली आहे का? आकडा किती खाली आला?

भ्रूण प्रत्यारोपणाची थोडी वासरंही आहेत. त्यांत जनुकं एकीची, गर्भाशय आणि दूध दुसरीचं. एवढ्यावर काही उलगडेल, की ती बाजूला ठेवू?

आणखी एक, कोरड्या कळपासाठी वासराच्या वजनाऐवजी वळू दाखवलेल्या प्रत्येक गायीमागे किती किलो वासरू हाती आलं, हा हिशेब कुणी निवडीत वापरला असेल तर कसा मांडला ते सविस्तर सांगा. पुढच्या कालवडी यावरूनच ठेवायच्या आहेत.