मानेतल्या गाठीसाठी सीटी: साधा की कॉन्ट्रास्टवाला?

मृण्मयी_क: बाबांच्या (वय 61) मानेला उजवीकडे, जबड्याखाली गाठ आलीय. दुखत नाही, पण महिना होत आला, अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी तशीच, हाताला टणक लागते. ईएनटी डॉक्टरांनी 'सीटी नेक विथ कॉन्ट्रास्ट' लिहून दिलाय. बाबांना मधुमेह आहे, म्हणून घरचे म्हणतात साधा सीटी करू, नाहीतर सरळ एमआरआय. काय करावं?

क्षकिरण: ताई, साधा सीटी नकोच. मानेत स्नायू, रक्तवाहिन्या, लसिकाग्रंथी दाटीवाटीनं असतात आणि कॉन्ट्रास्टशिवाय सगळं जवळपास एकाच करड्या छटेत दिसतं. कॉन्ट्रास्ट म्हणजे आयोडीनयुक्त औषध; ते शिरेतून गेलं की रक्तवाहिन्या उजळतात, गाठ वेगळी ओळखू येते. ग्रंथीची कड उजळ आणि आतला भाग काळपट दिसला तर कॅन्सरचा संशय बळावतो; नुसत्या आकारापेक्षा मी या खुणेला जास्त महत्त्व देतो. गाठ कॅरोटिडला (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या मोठ्या धमनीला) फक्त टेकलीय की तिला वेढून बसलीय हेही तेव्हाच नीट कळतं, आणि ऑपरेशन होईल का ते बरंचसं त्यावर ठरतं.

मधुमेह आहे म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर सांगा. किडनी कमजोर असेल तर ही गोळी 48 तास बंद ठेवायला सांगतात. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगा. औषध जाताना अंग गरम होतं, लघवीला झाल्यासारखं वाटतं. बाबांना कल्पना देऊन ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत. कवळी काढायची, आणि स्कॅन चालू असताना आवंढा गिळायचा नाही, नाहीतर नेमका घशाचा भाग अस्पष्ट येतो.

जिभेच्या मुळाशी एमआरआय सरस, पण त्याला वेळ लागतो.

सुमेधा०७: गाठ थायरॉइडची असेल तर मात्र आधी सोनोग्राफी. कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनमुळे पुढचा रेडिओआयोडीन (थायरॉइडवरचा किरणोत्सारी आयोडीनचा) उपचार काही आठवडे लांबतो.

मृण्मयी_क: खूप आभार. क्रिएटिनिन उद्या देतोय. सुईची तपासणी (सुईनं गाठीतल्या पेशी काढून बघतात ती) सीटीनंतर करायची ना?

क्षकिरण: जमलं तर सीटी आधी; सुईमुळे आत थोडं रक्त साचलं तर चित्र फसवू शकतं. पण सुईची वेळ आधी मिळाली तर अडून राहू नका. गाठ कशाची आहे हे शेवटी सुईच सांगते. आणि डॉक्टरांना दुर्बिणीनं घसाही बघायला सांगा. या वयात मानेतल्या गाठीचं मूळ बरेचदा तोंडात किंवा घशात असतं, आणि तिथला छोटा व्रण सीटीत सुटू शकतो.